पडद्याबाहेरचं बटन

विषय : कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे प्रमाणाबाहेर मोठी दिसत असल्याबाबत.

संदर्भ : १) या कार्यालयाचे पत्र. २) त्या पत्राचे स्मरणपत्र. ३) स्मरणपत्र मिळाले किंवा कसे, अशी विचारणा करणारे पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी आता निवृत्त झालो आहे. त्यामुळे यापुढचं साध्या मराठीत सांगतो.

नोकरीत किस्से जमवायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आवक टपालासारखे ते आपोआप येऊन पडतात. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना टेबल, खुर्ची, पंचिंग मशीन सगळं चार्ज यादीवर परत घेतात. किस्से मात्र कुणी परत मागत नाही, ते घरी घेऊन जायचे. माझे जव्हारला घरी आले. त्यातले निम्मे एकाच संगणकाचे निघाले, आणि कुठूनही सुरुवात केली तरी हेमंत महाल्यापाशी जाऊन थांबतात.

आमचं ऑफिस मोखाड्यात. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. मी अव्वल कारकून, महाले माझ्या हाताखालचा लिपिक, साखरशेतचा. संगणक दोन. पहिला बंद होता, त्याला कॅलेंडर टेकवून ठेवलेलं असे. दुसरा चालू होता, हीच सगळ्याची सुरुवात.

*

महाले स्वच्छतेचा भोक्ता. एका सकाळी त्यानं ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला आणि पडद्यावरचं सगळं जग उलटं झालं. अक्षरं डोक्यावर, खालची पट्टी वर. फडक्याखाली कुठली बटनं एकदम दाबली गेली ते त्याला सांगता येईना. आम्ही माना वाकड्या करून पाहिल्या. साहेबांनी तर टेबलाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. तिथून पडद्याची पाठ दिसते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

शेवटी महाल्यानं आणि मी मॉनिटरच उचलून उलटा केला, जुन्या परिपत्रकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये बसवला. अक्षरं सरळ. त्या परिपत्रकांचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पण साहेब नियमाचे. बिघाड जिल्ह्याला कळवलाच पाहिजे म्हणाले. जिल्ह्याच्या कंत्राटावरचा इंजिनिअर पालघरला बसून दुरून आमच्या संगणकात शिरला आणि फोनवर म्हणाला, "झालं सरळ."

"नाही हो, उलटं झालं," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा काहीतरी केलं. "आता?"

"आता सरळ."

"अहो, आता मी उलटं केलंय."

"बरोबर. म्हणूनच सरळ आहे."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग त्यानं जपून विचारलं, "साहेब, मॉनिटर कसा ठेवलाय?"

"उलटा," मी म्हटलं. "सरळ ठेवला तर दिसणार कसं?"

*

त्यानंतर तो स्वतःच मोटारसायकलवरून मोखाड्याला आला. आमच्याकडे त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. संगणकातलं सगळं काढून त्यानं नवीन भरलं आणि त्याला पासवर्ड लावला. आता त्या पासवर्डाशिवाय कुणालाही काही बदलता येणार नव्हतं, म्हणजे बिघडवता येणार नव्हतं. चहा न घेता तो निघून गेला.

तो घाट उतरायच्या आत आमच्या लक्षात आलं, की पडद्यावरची अक्षरं एसटीच्या पाटीएवढी झाली आहेत. पानाचा जेमतेम वरचा अर्धा भाग दिसे. अक्षरं लहान करायला गेलं की संगणक पासवर्ड मागे. फोन केला तर म्हणाला, कसलातरी ड्रायव्हर टाकायचा राहिला, पुढच्या फेरीला टाकतो. पुढच्या फेरीआधी त्याचं कंत्राट संपलं.

महाल्यानं चिकाटीनं त्याला पुन्हा गाठला. तो वसईला कुठल्याशा मॉलमध्ये कॅमेरे बसवत होता. पासवर्ड आठवतो का? आठवतो. मग सांगा. तर म्हणाला, तो कंपनीचा आहे, बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही.

एवढा प्रामाणिक माणूस नेमका आपल्याच कामाला का भेटावा?

*

ऑफिसात याचा आनंद झालेला एकच माणूस होता, तो म्हणजे साहेब. साहेब साताऱ्याकडचे. घरची मंडळी तिकडे, हे इथे क्वार्टरमध्ये एकटे, शनिवारची वाट बघत. चष्म्याचा त्यांना मनापासून राग. अक्षरं मोठी झाल्यापासून त्यांनी चष्मा लावणंच सोडलं. "काहीही म्हणा भाऊसाहेब, वाचायला बरं पडतं," असं मला आठवड्यातून एकदा तरी सांगत.

वांगणीचा एक म्हातारा दाखल्यासाठी खेपा घालून थकला होता. एक दिवस तो महाल्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अक्षरां येवढी मोठी झाली, पन माझां नाव काय आलां नाय."

*

तक्रार ऑनलाइन नोंदवा, असं जिल्ह्यानं कळवलं. तक्रारीचं पान उघडलं. सगळे रकाने भरले. 'सादर करा' हे बटन पानाच्या तळाशी, आणि तळ पडद्याच्या बाहेर. पान वर सरकत नव्हतं, कारण बनवणाऱ्यानं सगळ्यांचे पडदे धडधाकट धरले होते. थोडक्यात, पान अर्धं दिसतं ही तक्रार करायला पान पूर्ण दिसणं आवश्यक होतं.

इथे महाल्यानं डोकं लढवलं. टॅबचं बटन दाबत गेलं की पडद्यावरची बारीक चौकट एका रकान्यावरून दुसऱ्यावर उडी घेते. शेवटचा दिसणारा रकाना ओलांडला की ती खाली उतरते आणि नाहीशी होते. तिथून पुढे मनात मोजायचं, आणि योग्य जागी आली असं वाटलं की एंटर. अंधारात कडी चाचपावी तसा प्रकार.

पहिल्या वेळी त्यानं एंटर मारला तो 'रद्द करा'वर. तक्रार पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली. पण हात बसला. प्रत्येक फॉर्मचं मोजमाप वेगळं, ते सगळं महाल्याच्या डोक्यात. मीही एकदा प्रयत्न केला, तेव्हा एका बाईंचा रहिवासाचा अर्ज थेट निकाली निघाला. त्यानंतर कीबोर्डला हात लावायचं मी सोडून दिलं.

हळूहळू ऑफिसातलं प्रत्येक पान महाल्याच्या बोटाखालून जाऊ लागलं. तो रजेवर गेला की साहेब दारावर पाटी लावायला सांगत : संगणक बंद आहे. संगणक चालू असे. महाले बंद असे.

*

महाल्याची बायको रेखा शिक्षिका. नोकरी नंदुरबारच्या डोंगरात, धडगावच्याही पुढे. लग्न झालं तेव्हा दोघांनी ठरवलं होतं, की एकाची बदली होईपर्यंत थोडी कळ काढायची. 'थोडी' हा शब्द सरकारी नोकरीत कुणी वापरू नये.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल येई. ऑफिसात मोबाईलला रेंज नाही, त्यासाठी आवारातल्या उंबराखाली जावं लागतं, तिथेही आवाज तुटतो. संगणकाला मात्र तारेनं जोडलेलं नेट आणि मीटिंगसाठी आलेला कॅमेरा. साहेबांनी एकदा पाहिलं, पण अडवलं नाही. उलट त्या वेळात त्या खोलीत जायचं ते टाळू लागले.

रेखावहिनी शाळेमागच्या टेकाडावर उभ्या राहून बोलत. मागे सागाची झाडं, वारा. पण आमचा पडदा हा असा. त्यांचं चित्र पडद्यापेक्षा मोठं, त्यामुळे कपाळ, डोळे आणि नाक एवढंच दिसे. खालचं सगळं 'सादर करा'च्या प्रदेशात. महाले समोर डबा उघडून बसे, नाचणीची भाकर मोडत त्या डोळ्यांशी बोले. आम्ही पलीकडच्या टेबलांवर. ऐकत नव्हतो, पण खोली लहान होती.

त्यांचं बोलणं म्हणजे काय, तर आज काय केलं, पाऊस आहे का, आईचा गुडघा कसा आहे, नळाला पाणी आलं का. एकदा मात्र महाले म्हणाला होता, "तू तिथं, मी इथं, आणि भात साखरशेतला आई एकटी लावते." डोळे थोडा वेळ मिटले. मग उघडून विचारलं, "भाजी कुठली आणलीये?"

*

मोखाड्याच्या बोहाड्याला वहिनी आल्या. आमचा बोहाडा म्हणजे मुखवट्यांची जत्रा, परगावी गेलेला माणूस त्याला घरी येतो. दुपारी एक बाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. मी सवयीनं विचारलं, "कसला दाखला?" दुसऱ्या टेबलानं सांगितलं, आज साहेब नाहीत. शिपाई म्हणाला, सोमवारी या.

बाई नुसती हसत होती. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला, धुळीचा लोट आत आला, आणि तिनं पदर नाकावर धरला.

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. "अहो, वहिनी!"

*

पती-पत्नी एकत्रीकरण या सदराखाली बदलीचे अर्ज मागवले गेले, तेव्हा महाल्यानं नंदुरबार जिल्हा मागितला. साखरशेत सोडून जायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. पण आई म्हणाली, मी शेत बघते, तू तुझा संसार बघ.

अर्जाला दोन गावांमधल्या अंतराचा दाखला लागतो. नवराबायको किती लांब आहेत, हे त्यांच्या सांगण्यावर मानलं जात नाही. महाले मला सोबत घेऊन दाखला देणाऱ्या ऑफिसात गेला. तिथल्या अभियंत्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे बघत विचारलं, कुठल्या रस्त्यानं मोजू? नाशिकवरून जायचं, की खाली उतरून गुजरातेतून?

महाल्याला वाटत होतं, की अंतर जितकं जास्त तितका अर्ज पुढे सरकतो. ज्या रस्त्याला तो वर्षानुवर्षं शिव्या घालत होता, ज्याचा एकेक फाटा त्याला पाठ होता, त्याबद्दल तो अगदी नम्रपणे म्हणाला, "जो लांबचा असेल तो लिहा, साहेब."

*

अर्ज आमच्या साहेबांच्या शिफारशीसाठी आला, आणि तिथेच अडला. शिफारस ऑनलाइनच करायची. साहेबांनी महाल्याला बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच होतो. साहेब वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो. जे मनात होतं ते त्यांनी सरळ सांगितलं.

"महाले, तुम्ही गेलात तर बटन कोण दाबणार?"

महाल्यानं माझ्या हातातल्या फाइलीकडे पाहिलं.

"पडदा दुरुस्त होऊ दे, त्याच दिवशी तुम्हाला मोकळा करतो."

तेव्हापासून त्या पडद्याची तक्रार ही आमच्या ऑफिसातली सर्वांत महत्त्वाची फाइल झाली. स्मरणपत्रं महाले स्वतः लिहू लागला. सबंध नोकरीत मी हजारो स्मरणपत्रांवर सह्या घेतल्या असतील, पण त्याच्यासारखी कळकळ कुठे वाचली नाही. 'तरी अक्षरे लहान करून मिळावीत, ही पुनश्च नम्र विनंती.' जिल्ह्यात कुणी वाचलं असतं, तर या माणसाचं अक्षरांशी काय वैर आहे असं त्याला वाटलं असतं.

उत्तर येईना, तेव्हा पासवर्डाशिवाय जे करता येईल ते आम्ही सुरू केलं. केबल काढून पुन्हा घातली. संगणक बंद करून चालू केला. शेजारच्या ऑफिसातून त्यांचा मोठा मॉनिटर दोन दिवसांच्या बोलीवर उसना आणला. पडदा मोठा म्हणजे पान जास्त दिसणार, हे गणित माझं होतं. जोडला. पान तेवढंच दिसलं. अक्षरं आणखी मोठी झाली.

साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "हा पण छान आहे."

*

मार्ग सापडला तो धडगावच्या टेकाडावरून. दुपारच्या कॉलवर महाले नेहमीचं रडगाणं गात होता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंट्रोल धरून वजा दाबून बघितलंत का?" त्यांच्या शाळेला लॅपटॉप मिळाला होता, आणि पोरं काहीतरी दाबून रोज त्याची अक्षरं फुगवून ठेवत. पान लहान करायला पासवर्ड लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

आमच्यापैकी कुणालाही वजा करायचं सुचलं नव्हतं. आमच्या खात्यात वजा फक्त रजा होतात.

महाल्यानं कंट्रोल धरलं, वजा दाबलं. चित्र एक पायरी लहान झालं. पुन्हा दाबलं. ओठ आले. पुन्हा दाबलं. हनुवटी, गळा, मंगळसूत्र, खांद्यावर अडकवलेली पिशवी, पायाखालचं गवत. महाले दाबायचा थांबला. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

"काय झालं? दिसत नाही का मी?"

"दिसतेयस."

"मग बोला की."

"सगळी दिसतेयस," महाले म्हणाला.

वहिनी हसल्या. त्या पडद्यावर ते हसणं आम्ही तोवर नुसतं ऐकत आलो होतो. मी उगाच एक फाइल घेऊन बाहेर गेलो. बाहेर सगळं ऑफिस आधीच उभं होतं.

नंतर महाल्यानं खात्याचं पान उघडून तसंच लहान केलं, आणि तळाचं बटन दिसलं. ते हिरवं होतं. आम्ही इतके दिवस ते निळं धरून चाललो होतो.

*

आता साहेबांना कारण उरलं नव्हतं, आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ते स्वतः येऊन संगणकासमोर बसले. आपल्या नावानं आत शिरले, महाल्याचा अर्ज उघडला. महाले नियमानुसार दूर, खिडकीपाशी उभा. आपल्या अर्जावर कारवाई होताना आपण टेबलाशी असू नये, हे त्यालाही माहीत होतं. वहिनी टेकाडावर फोन घेऊन थांबल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी पान लहान करून दिलं. तळाशी दोन बटनं दिसली, शेजारी शेजारी. 'शिफारस करा' आणि 'परत पाठवा'.

साहेब पुढे झुकले, मागे झाले, डोळे बारीक केले. "भाऊसाहेब, मला यातलं अक्षर दिसत नाही." चष्मा कुठे आहे विचारलं, तर साताऱ्याला घरी राहिला होता. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो, डावीकडचं बटन आहे. साहेब म्हणाले, न वाचता मी कधी सही केलेली नाही, आणि आज तर मुळीच करणार नाही.

त्यांनी पान पुन्हा मोठं केलं. अर्ज शेवटपर्यंत वाचला. नाव, गाव, अंतर, कारण. कारणाच्या रकान्यात महाल्यानं एकच ओळ लिहिली होती, ती त्यांनी दोनदा वाचली असावी, कारण वेळ लागला. वाचून झालं तेव्हा बटनं पडद्याबाहेर गेलेली होती.

"महाले, या इकडे."

"साहेब, अर्ज माझाच आहे," महाले खिडकीपासून म्हणाला.

"म्हणून तर बोलावतो. तुमचा हात चुकणार नाही."

साहेब खुर्चीतून उठले. महाले बसला. त्यानं टॅबवर बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते. चौकट शेवटच्या रकान्यावरून खाली उतरली, दिसेनाशी झाली. महाल्याचं बोट थांबलं. एंटरवर गेलं नाही. त्यानं चौकट पुन्हा पहिल्या रकान्यावर आणली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. पुन्हा तिथेच थांबला. हजारो लोकांचे अर्ज त्यानं याच हातानं अंधारात सादर केले होते. मी म्हटलं, "अरे, वजा दाबून बघून घे की." त्यानं मान हलवली. ती हो होती का नाही, कळलं नाही. वजा काही त्यानं दाबलं नाही.

साहेब आमच्याकडे पाठ करून खिडकीतून उंबराकडे बघत होते. म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

महाल्यानं तिसऱ्यांदा मोजलं. डोळे मिटले आणि एंटर दाबला.

पानावरचं चक्र गोल फिरत राहिलं. मग नवीन पान आलं, अक्षरं पडद्यात न मावणारी. त्यातले पहिले दोन शब्द दिसले : 'आपला अर्ज'. महाल्यानं पान वाचलं नाही. तो उठला, आवारात गेला आणि उंबराखाली उभा राहून फोन लावला. बराच वेळ तो काही न बोलता फोन कानाशी धरून होता. रेंज नव्हती का दोघं गप्प होती, सांगता येत नाही.

मी पान लहान करून पुढचं वाचलं : 'आपला अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे.'

त्यानंतर मी निवृत्त झालो. परवा ऑफिसात फोन केला होता, महाल्यानंच उचलला. अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे प्रलंबित आहे.